दोन बोअरच्या मधली जमीन: पायाच्या तपासणीत भूभौतिक पद्धती काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

एक हेक्टर जागेवर इमारत उभी करायची आहे आणि पायाच्या तपासणीसाठी तेथे पाच बोअर घेतले आहेत, असे समजू. प्रत्येक बोअरचा व्यास १०० मिलिमीटर आहे. पाचही छिद्रांचे क्षेत्रफळ मिळून जेमतेम ०.०४ चौरस मीटर भरते आणि जागा आहे १०,००० चौरस मीटर. म्हणजे आपण प्रत्यक्ष पाहिलेली जमीन ही एकूण जमिनीच्या अडीच लाखांतला एक भाग आहे. उरलेल्या जमिनीबद्दल अहवालात जे काही लिहिले जाते ते अनुमान असते. पहिल्या बोअरमध्ये कातळ सहा मीटरवर लागला, दुसऱ्यात आठ मीटरवर लागला, म्हणजे मधे तो हळूहळू उतरत गेला असावा, असे धरून कागदावर एक तिरकी रेघ ओढली जाते. बहुतेक वेळा ती रेघ फारशी चुकत नाही. परंतु त्या दोन बोअरच्या मधे एखादा जुना, गाळाने बुजलेला ओढा असेल, चुनखडीत पाण्याने कोरलेली पोकळी असेल किंवा खडक एकाच पट्ट्यात पंधरा मीटर खोलपर्यंत कुजलेला असेल, तर ते त्या रेघेवरून कळत नाही. ते कळते पायाचे खोदकाम सुरू झाल्यावर, जेव्हा आराखडे मंजूर झालेले असतात आणि यंत्रे जागेवर उभी असतात.

या मधल्या जमिनीबद्दल नुसते अनुमान न करता काहीतरी मोजून सांगता यावे, यासाठी भूभौतिक पद्धती वापरल्या जातात. जमिनीत एखादा धक्का, थोडा विद्युतप्रवाह किंवा रेडिओ लहरींचा स्पंद सोडायचा आणि तो दुसरीकडे पोहोचेपर्यंत त्यात काय बदल झाला हे मोजायचे, असे या पद्धतींचे सर्वसाधारण रूप असते. काही पद्धतींमध्ये काहीच सोडले जात नाही. जमिनीचे गुरुत्वाकर्षण किंवा तिच्यात सतत चालू असलेली सूक्ष्म कंपने फक्त नोंदवली जातात. या मोजमापातून हाती येतो तो जमिनीचा एखादा भौतिक गुणधर्म: लहरींचा वेग, विद्युत रोधकता (वीज वाहण्याला जमीन करते तो विरोध) किंवा घनता. माती किंवा खडक हाती येत नाही आणि भारवहनक्षमता तर मुळीच येत नाही. अमुक वेग म्हणजे मुरूम आणि तमुक वेग म्हणजे कातळ, हे भाषांतर माणसाने करायचे असते, आणि ते करण्यासाठी निदान काही ठिकाणी प्रत्यक्ष बोअर घेऊन खाली काय आहे ते पाहिलेले असावे लागते.

याला जोडूनच दुसरी गोष्ट येते आणि माझ्या मते या संपूर्ण विषयाचे मर्म तिच्यात आहे. या पद्धतींना दोन थरांमधला फरक तेवढा दिसतो. घट्ट बसलेली वाळू आणि मऊ, कुजलेला खडक या दोहोंमधून लहरी जवळजवळ सारख्याच वेगाने जात असतील, तर त्यांच्यामधली सीमा भूकंपीय, म्हणजे लहरींचा वेग मोजणाऱ्या, पद्धतीला दिसणार नाही, मग उपकरण कितीही महाग असो आणि ते चालवणारा कितीही अनुभवी असो. त्यामुळे कोणती पद्धत चांगली, या प्रश्नाला स्वतंत्रपणे उत्तर नाही. आपल्याला जे शोधायचे आहे ते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कोणत्या गुणधर्मात वेगळे आहे आणि तो फरक पृष्ठभागावरून पकडता येण्याइतका मोठा आहे का, हे आधी ठरवावे लागते. या प्रश्नाकडे दुर्लक्ष करून मागवलेली सर्वेक्षणे सहसा निरुपयोगी ठरतात आणि त्याचा दोष मात्र पद्धतीवर येतो.

घणाचा एक ठोका

जमिनीतून धक्का किती वेगाने जातो हे मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयोग रॉबर्ट मॅलेट या आयरिश अभियंत्याने १८४९ मध्ये डब्लिनजवळच्या किलायनी येथील समुद्रकिनाऱ्यावर केला. त्याने वाळूत दारूचे स्फोट घडवले आणि काही अंतरावर ठेवलेल्या पाऱ्याच्या पृष्ठभागावर उमटणारी थरथर पाहून वेळ मोजली. पायाच्या तपासणीत आज वापरली जाणारी अपवर्तन पद्धत (थरांच्या सीमेवर लहर वळते, यावर आधारलेली) तत्त्वतः याहून फार वेगळी नाही. दारूच्या जागी घण आला आणि पाऱ्याच्या जागी जिओफोन आले, इतकेच.

जिओफोन हे मुठीत मावेल एवढे यंत्र असते. त्याच्या खालचा टोकदार खिळा जमिनीत रोवतात आणि जमीन हलली की आतल्या चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. असे २४ जिओफोन दर दोन मीटरला एक याप्रमाणे सरळ रेषेत लावले की ४६ मीटरची रांग तयार होते. रांगेच्या टोकाशी धातूची एक जाड पाटी ठेवलेली असते. आठ किलोचा घण तिच्यावर आदळतो, त्याच क्षणी घणाच्या दांड्याला बांधलेला ट्रिगर नोंदयंत्राला संदेश देतो आणि घड्याळ सुरू होते. ठोका मारणाऱ्याखेरीज सर्वांनी त्या वेळी स्तब्ध उभे राहायचे असते, कारण पन्नास मीटरवरच्या जिओफोनपर्यंत पोहोचणारी लहर इतकी क्षीण असते की शेजारून चालणाऱ्या माणसाची पावले तिला सहज झाकून टाकतात. वारा सुटला तरी अडचण होते, कारण झाडे डोलतात आणि त्यांच्याबरोबर मुळांभोवतीची जमीनही हलते. यावर उपाय साधा आहे: एकाच जागी पाच-दहा ठोके मारून त्यांच्या नोंदींची बेरीज करायची. घणाचा संदेश दरवेळी त्याच वेळेला येतो म्हणून तो वाढत जातो, आणि गोंगाट वेळेचे बंधन पाळत नाही म्हणून तो बेरजेत मागे पडतो.

आता या नोंदीतून खोली कशी निघते ते पाहू. जवळच्या ठिकाणी जायचे असेल तर आपण गल्लीबोळातून सरळ जातो, पण लांब जायचे असेल तर थोडा वळसा घेऊन हमरस्त्याला लागणे फायद्याचे ठरते. लहरीचेही तसेच आहे. वरच्या मातीतून ती सावकाश जाते आणि खालच्या कातळातून वेगाने. घणाजवळच्या जिओफोनपर्यंत मातीतून थेट आलेली लहर आधी पोहोचते. दूरच्या जिओफोनपर्यंत मात्र खाली कातळापर्यंत उतरून, त्याच्या पृष्ठभागाला लागून धावून पुन्हा वर आलेली लहर बाजी मारते. ज्या अंतरावर ही अदलाबदल होते ते अंतर नोंदीवरून वाचता येते. समजा, मातीतला वेग सेकंदाला ५०० मीटर, कातळातला २,५०० मीटर आणि अदलाबदल १२ मीटरवर झाली. वेगांची वजाबाकी २,००० आणि बेरीज ३,०००. त्यांच्या भागाकाराचे वर्गमूळ ०.८२, त्याला १२ च्या निम्म्याने म्हणजे ६ ने गुणले की कातळाची खोली ४.९ मीटर येते. प्रत्यक्षात थर तिरके आणि वेडेवाकडे असल्यामुळे रांगेच्या दोन्ही टोकांना, मधे आणि रांगेच्या बाहेरही ठोके द्यावे लागतात आणि गणित संगणकावर करावे लागते, परंतु मूळ युक्ती हीच आहे. रांगेच्या लांबीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकी खोली मिळते, हा कामापुरता अंदाज आहे. ४६ मीटरच्या रांगेतून साधारण दहा मीटर.

खोदकामाचा खर्च ठरवताना या वेगांचा थेट उपयोग होतो. खडक बुलडोझरच्या मागच्या दात्याने उकरता येईल की त्यासाठी सुरुंग लावावे लागतील, याचा अंदाज लहरींच्या वेगावरून बांधता येतो आणि बुलडोझर बनवणाऱ्या कंपन्या तसे तक्तेही देतात. मात्र तो अंदाजच असतो, कारण सारख्याच वेगाचे दोन खडक त्यांच्या भेगांची दिशा आणि अंतर वेगळे असल्यामुळे दात्याला वेगवेगळा प्रतिसाद देतात.

या पद्धतीला दोन जागी ठेच लागते. खाली जाताना वेग वाढतच गेला पाहिजे, ही तिची पूर्वअट आहे. कठीण थराच्या खाली मऊ थर असेल, तर लहर त्या मऊ थरात शिरताना आणखी खालच्या दिशेने वळते, त्याच्या पृष्ठभागाला लागून धावत नाही, आणि तो थर नोंदीत उमटतच नाही. इतकेच नव्हे, तर त्याच्याखालच्या थराची खोलीही चुकीची येते. वरून टणक कवच आणि खाली मऊ चिकणमाती ही पायाच्या दृष्टीने सर्वांत धोकादायक रचना असते, आणि अपवर्तन पद्धत नेमकी तिथेच आंधळी होते. दुसरी अडचण पाण्याची. घणाच्या ठोक्याने निघालेली पहिली लहर ही दाबाची लहर असते, तिला पी-लहर म्हणतात, आणि पाण्यात तिचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. त्यामुळे भूजलपातळीखालची सैल वाळूसुद्धा १,५०० चा वेग दाखवते. ज्याने भूजलाची नोंद पाहिलेली नाही तो या आकड्याला कुजलेला खडक समजण्याची दाट शक्यता असते.

पाण्याला फसवणारी लहर

पाण्याची ही अडचण टाळण्यासाठी दुसऱ्या प्रकारच्या लहरीकडे वळावे लागते. एस-लहर, जिला कामावर सगळे शिअर वेव्ह म्हणतात, ती जाताना मातीच्या कणांना आडवे सरकवते. पाण्याला आडव्या सरकण्याचा विरोध करता येत नाही, म्हणून ही लहर पाण्यातून जात नाही. ती फक्त कणांच्या सांगाड्यातून जाते आणि तो सांगाडा किती ताठ आहे तेवढेच सांगते. पायाच्या अभियंत्याला हवे असते ते नेमके हेच. एस-लहरीच्या वेगाचा वर्ग गुणिले घनता म्हणजे मातीची कर्तन ताठरता (आडव्या सरकण्याला ती करते तो विरोध), इतके सरळ नाते आहे. घनता घनमीटरला १,९०० किलो आणि वेग सेकंदाला २०० मीटर असेल तर ताठरता ७६ मेगापास्कल येते. वेग दुप्पट झाला तर ताठरता चौपट होते. येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ही ताठरता अतिसूक्ष्म विरूपणाची आहे, कारण लहर मातीला जेमतेम हलवून पुढे जाते. इमारतीचे वजन मातीला त्याहून कितीतरी अधिक दाबते आणि तेव्हा तिची ताठरता उतरते. त्यामुळे हा आकडा कमी न करता थेट खचण्याच्या गणितात घातला तर उत्तर वाजवीपेक्षा आशादायक येते.

एस-लहर थेट पकडणे पृष्ठभागावरून कठीण जाते. पण घणाच्या उभ्या ठोक्यातली सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा पृष्ठभागाला धरून जाणाऱ्या रॅली लहरींमध्ये जाते, आणि रॅली लहरींचा वेग एस-लहरींच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांहून थोडा अधिक असतो. अपवर्तनाच्या कामात याच रॅली लहरी गोंगाट म्हणून टाकून दिल्या जात. १९८० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात दोन जिओफोन वापरून त्यांचा उपयोग करण्याची पद्धत विकसित झाली, आणि १९९९ मध्ये कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील संशोधकांनी अनेक जिओफोनची रांग वापरणारी एमएएसडब्ल्यू (पृष्ठलहरींचे बहुवाहिनी विश्लेषण) ही पद्धत मांडली. आज पायाच्या तपासणीत बहुधा हीच सर्वाधिक मागितली जाते.

तिच्यामागची कल्पना मोठी सुंदर आहे. रॅली लहर साधारण तिच्या लांबीइतक्या खोलीपर्यंतची जमीन हलवते. सेकंदाला ५० कंपनांची लहर १५० मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी ३ मीटर असते आणि तिला फक्त वरच्या थराची खबर असते. सेकंदाला १० कंपनांची लहर २०० मीटर वेगाने जात असेल तर तिची लांबी २० मीटर होते आणि खालच्या थरांचा ताठरपणाही तिच्या वेगात उतरतो. एकाच ठोक्यात सर्व प्रकारची कंपने मिसळलेली असतात; ती वेगळी करून प्रत्येकीचा वेग काढला की जमिनीचा खोलीनुसार ताठरपणा उलटगणिताने, म्हणजे मोजमापावरून मागे जाऊन, काढता येतो. विश्वासार्ह खोली सर्वांत लांब लहरीच्या निम्मी धरण्याची पद्धत आहे. घणाने क्वचितच तीस मीटरच्या पलीकडे जाता येते, आणि त्याहून खोल पाहायचे असेल तर वाहतूक किंवा समुद्राच्या लाटा यांमुळे जमिनीत आधीपासून असलेल्या मंद कंपनांचा आधार घ्यावा लागतो. आणखी एक फायदा असा, की कठीण थराखालचा मऊ थर या पद्धतीला दिसू शकतो. मात्र मिळणारा छेद (जमिनीचे खोलीनुसार चित्र) हा रांगेच्या संपूर्ण लांबीवरची सरासरी असतो. दोन मीटर रुंदीची पोकळी त्या सरासरीत विरघळून जाते.

भूकंपाच्या दृष्टीने जागेची वर्गवारी करताना वरच्या तीस मीटरमधला एस-लहरीचा सरासरी वेग विचारला जातो. ही सरासरी वेगांची नसून वेळेची असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वरचे १० मीटर १५० च्या वेगाचे आणि खालचे २० मीटर ४०० च्या वेगाचे असतील, तर लहरीला एकूण ०.११७ सेकंद लागतात आणि सरासरी वेग २५७ येतो. वेगांची थेट सरासरी काढली असती तर ३१७ आला असता. १८०, ३६० आणि ७६० या सीमा अनेक बांधकाम संहितांमध्ये आढळतात, आणि एखादी जागा सीमेच्या जवळ असेल तर अशा चुकीमुळे तिचा वर्गच बदलतो.

वर्ग बदलल्याने काय होते याचे उदाहरण मेक्सिको सिटीने १९ सप्टेंबर १९८५ रोजी दाखवले. भूकंपाचे केंद्र ३५० किलोमीटरहून अधिक दूर, पॅसिफिक किनाऱ्याजवळ होते. टेकड्यांच्या बाजूचा कठीण जमिनीवरचा भाग तुलनेने सुरक्षित राहिला आणि जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेल्या भागात शेकडो इमारती कोसळल्या. त्या मऊ चिकणमातीत एस-लहरीचा वेग सेकंदाला ८० मीटरच्या आसपास आणि थराची जाडी सुमारे ४० मीटर धरली, तर जाडीची चौपट भागिले वेग या नियमाने जमिनीचा झोका, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ, दोन सेकंदांचा येतो. भूकंपाच्या नोंदीतही दोन सेकंदांची कंपनेच प्रबळ होती आणि ज्या मध्यम उंचीच्या इमारतींचा झोका त्यांच्याशी जुळत गेला त्यांचे नुकसान सर्वाधिक झाले.

धरण, पूल किंवा मोठ्या यंत्रांचे पाये यांसाठी एस-लहरीचा वेग अधिक नेमका हवा असतो, आणि तेव्हा मोजमाप बोअरमध्ये उतरून केले जाते. एका बोअरच्या पद्धतीत जिओफोन बोअरमध्ये एकेक मीटर खाली सोडतात आणि वर जमिनीवर, गाडीच्या चाकाखाली दाबून ठेवलेल्या लाकडी फळीच्या टोकावर आडवा घण मारतात. आधी डाव्या टोकावर, मग उजव्या. दोन्ही नोंदी एकमेकींवर ठेवल्या की पी-लहर तशीच राहते आणि एस-लहर आरशातल्या प्रतिमेसारखी उलटी होते. ज्या क्षणी दोन रेघा फाकतात तो एस-लहरीच्या आगमनाचा क्षण. इतका स्वच्छ पुरावा भूभौतिकीत फार थोड्या ठिकाणी मिळतो. दोन-तीन बोअर शेजारी शेजारी घेऊन एकातून दुसऱ्यात लहर पाठवण्याची पद्धत याहूनही अचूक मानली जाते, पण बोअर सरळ गेले आहेत की तिरके, हे मोजलेले असेल तरच. बोअरमधले अंतर ३ मीटर असेल आणि एक बोअर केवळ एका अंशाने कलला असेल, तर २० मीटर खोलीवर अंतरात ३५ सेंटिमीटरचा फरक पडतो. वेगात बारा टक्के आणि ताठरतेत जवळजवळ एक-चतुर्थांश चूक त्यातून येते.

वीज, रडार आणि गुरुत्वाकर्षण

विद्युत रोधकतेची पद्धत पाणी आणि चिकणमाती यांच्या बाबतीत सर्वाधिक बोलकी आहे. कॉनराड श्लुम्बर्जे यांनी १९१२ मध्ये फ्रान्समध्ये तिचे पहिले प्रयोग केले आणि अमेरिकेत फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये चार सळ्यांची जी मांडणी सुचवली ती आजही त्यांच्याच नावाने वापरात आहे. बाहेरच्या दोन सळ्यांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन सळ्यांमधला विद्युतदाब मोजायचा. सळ्यांमधले अंतर वाढवत नेले की प्रवाह अधिक खोलवरून जातो. आजकाल ४८ किंवा ७२ सळ्या एका केबलला जोडून यंत्र स्वतःच त्यांच्या जोड्या बदलत राहते आणि जमिनीचा उभा छेद तयार होतो. चिकणमातीची रोधकता काही ओहम-मीटरपासून काही दहा ओहम-मीटरपर्यंत असते, गोड्या पाण्याने भिजलेल्या वाळूची त्याहून बरीच अधिक आणि सलग ग्रॅनाइटची हजारोंमध्ये. मात्र बहुतेक माती-खडकांत वीज खनिजांमधून कमी आणि छिद्रांतल्या पाण्यातून अधिक वाहते. त्यामुळे खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू छेदात अगदी चिकणमातीसारखी दिसते. पोकळीचेही तसेच: ती हवेने भरलेली असेल तर रोधकता प्रचंड, आणि ओल्या गाळाने भरलेली असेल तर आजूबाजूच्या खडकापेक्षा कमी. त्यामुळे छेदात पोकळी कोणत्या रंगात दिसेल हे ती कशाने भरली आहे यावर अवलंबून असते. जमीन अगदी कोरडी असेल तर सळ्यांच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागते, आणि तारेचे कुंपण किंवा लोखंडी पाइपलाइन जवळ असेल तर प्रवाह जमिनीऐवजी त्यांतून जातो. एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूने सांगितली पाहिजे. विजेच्या अर्थिंगचा आराखडा आणि जमिनीत पुरलेल्या पोलादाच्या गंजण्याचा अंदाज यांसाठी रोधकतेचा आकडा भाषांतराशिवाय, जसाच्या तसा वापरता येतो.

भूभेदी रडार, म्हणजे जीपीआर, हे वेगवान आणि तपशीलवार आहे. जमिनीवरून गाडीसारखे ओढत नेले की खालचे पाइप, केबल, जुने पाये आणि रस्त्याखालच्या पोकळ्या लगेच पडद्यावर दिसू लागतात. रडारचा स्पंद हवेत नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर जातो, कोरड्या जमिनीत त्याच्या निम्म्याने आणि ओल्या जमिनीत त्याहूनही कमी. जमिनीतला वेग नॅनोसेकंदाला १० सेंटिमीटर असेल आणि प्रतिध्वनी ४० नॅनोसेकंदांनी आला, तर वस्तू २ मीटर खोल आहे. त्याची मर्यादा एका वाक्यात सांगता येते: ओल्या चिकणमातीत तो एक-दीड मीटरमध्येच विझतो. कोरड्या वाळूत दहा मीटर दाखवणारे यंत्र शेजारच्या चिकणमातीच्या जागेवर काहीच दाखवत नाही, आणि हा यंत्राचा दोष नसतो.

पोकळी शोधण्यासाठी सूक्ष्म गुरुत्वमापन ही पद्धत तत्त्वतः सर्वांत सरळ आहे, कारण पोकळी म्हणजे वस्तुमानाचा अभाव. पण आकडे पाहिले की तिची कठीण बाजू कळते. २ मीटर त्रिज्येची, हवेने भरलेली गोल पोकळी असेल, तिचा मध्य ४ मीटर खोल असेल आणि भोवतालची घनता घनमीटरला २,००० किलो असेल, तर तिच्यावर गुरुत्वाकर्षण सुमारे २८ मायक्रोगॅलने कमी भरते. म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण साडेतीन कोटींतला एक भाग. चांगले यंत्र पाच-दहा मायक्रोगॅलपर्यंत मोजू शकते, म्हणून ही पोकळी सापडते. तीच पोकळी ८ मीटर खोल असेल तर फरक ७ मायक्रोगॅल उरतो आणि ती गोंगाटात हरवते. शिवाय यंत्र एक सेंटिमीटर वर ठेवले तरी वाचनात ३ मायक्रोगॅलचा फरक पडतो, म्हणून प्रत्येक बिंदूची उंची काळजीपूर्वक लेव्हलिंग करून घ्यावी लागते. या कामात मोजमापाइतकाच वेळ उंची घेण्यात जातो.

रंगीत छेदाकडे कसे पाहावे

सर्वेक्षणाचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यात निळ्यापासून लाल रंगापर्यंत छटा असलेला एक देखणा छेद असतो आणि तो पाहणाऱ्याला वाटते की ही जमिनीची छायाचित्रेच आहेत. ती तशी नसतात. छेद हे मोजमापाशी जुळणाऱ्या अनेक शक्य उत्तरांपैकी एक उत्तर असते. रोधकतेत १० ओहम-मीटरचा २ मीटर जाड थर आणि २० ओहम-मीटरचा ४ मीटर जाड थर यांच्यात पृष्ठभागावरून फरक करणे बहुधा शक्य नसते, कारण जाडी भागिले रोधकता दोन्हींची सारखीच येते. यांपैकी खरे कोणते हे फक्त बोअर सांगू शकतो. शिवाय संगणकाची उलटगणिते सहसा गुळगुळीत उत्तर पसंत करतात, त्यामुळे माती आणि कातळ यांच्यातली काटेकोर सीमा छेदात दोन-तीन मीटरच्या पसरट छटेत बदलते. त्या छटेत कातळाची पातळी नेमक्या कोणत्या आकड्यावर धरली आणि तो आकडा कोणत्या बोअरवरून ठरवला, हे अहवालात लिहिलेले नसेल तर ती पातळी लेखकाच्या मर्जीने ओढलेली आहे असे समजावे. रंगांची पट्टी थोडी सरकवली की एखादा निरुपद्रवी डाग भयानक दिसू शकतो, म्हणून दोन छेदांची तुलना करताना पट्टी एकच आहे ना, हे आधी पाहावे. मोजलेल्या आणि गणिताने काढलेल्या किमतींमधली तफावत किती टक्के आहे आणि कच्च्या नोंदी सोबत दिल्या आहेत का, हेही विचारावे. छेदाच्या कडेचे आणि तळाचे रंग तर फार गांभीर्याने घेऊच नयेत, कारण तेथे मोजमापे विरळ असतात आणि गणिताने जागा भरून काढलेली असते.

सर्वेक्षण केव्हा करावे याबद्दल प्रत्यक्षातला रिवाज उलटा आहे. सर्व बोअर आधी ठराविक अंतरांवर घेतले जातात आणि काही संशय उरला तर मग भूभौतिक सर्वेक्षण मागवले जाते, तेव्हा त्याच्या आधारे नवीन बोअर घ्यायला निधी उरलेला नसतो. दोन-तीन बोअर सुरुवातीला, मग रांगा, आणि उरलेले बोअर रांगांमध्ये जे दिसले त्यानुसार, असा क्रम लावला तर तेवढ्याच खर्चात अधिक माहिती मिळते. शक्य असेल तेथे दोन वेगवेगळ्या गुणधर्मांच्या पद्धती एकाच रेषेवर वापराव्यात, कारण कमी रोधकता आणि कमी एस-लहरवेग एकाच जागी आढळले तर मऊ चिकणमातीची शक्यता बळावते, तर कमी रोधकता असूनही वेग जास्त असेल तर तेथे पाणी भरलेला भेगाळ खडक असण्याचा संभव अधिक.

उरलेल्या बोअरांपैकी बहुतेक छेदातल्या संशयास्पद जागांवर जातात आणि ते योग्यच आहे. पण निदान एक बोअर अशा ठिकाणीही घ्यावा जिथे छेद सर्वांत निर्धोक, एकसारखा आणि निरस दिसतो. संशयाच्या जागी काही सापडले तर पद्धतीला दिसले इतकेच सिद्ध होते. तिला न दिसलेले काही शिल्लक आहे का, याची चाचणी या दुसऱ्या प्रकारच्या बोअरनेच होते.